इंद्रावती नदी

इंद्रावती नदी : गोदावरीची एक प्रमुख उपनदी. लांबी सु. ५३५ किमी.; जलवाहनक्षेत्र सु. ४१,६६५ चौ. किमी. ओडिशा, छत्तीसगढ व महाराष्ट्र या राज्यांतून वाहणारी ही नदी प्राचीन दंडकारण्याच्या मध्यभागातून जाते. तिचा बहुतेक मार्ग साल, साग, बांबू व मिश्र पानझडी अरण्यांचा आहे. गोदावरीच्या इतर मोठ्या उपनद्यांच्या काठी नगरे व बाजारपेठा वाढल्या, तशा इंद्रावतीच्या मधल्या व खालच्या खोऱ्यात वाढल्या नाहीत. याचे कारण तिच्या भूरचनेत आहे आणि या प्रदेशाच्या इतिहासालाही त्याच भूरचनेने वळण दिले आहे.

मार्ग व भूरचना : ओडिशातील कलहंडी जिल्ह्यात थुआमूल रामपूर परिसरातील पूर्व घाटाच्या डोंगरांत सु. ९१४ मी. उंचीवर इंद्रावतीचा उगम होतो. कलहंडी, नवरंगपूर व कोरापुट जिल्ह्यांतील पठारी प्रदेशातून सर्वसाधारणपणे पश्चिमेस वाहत ती छत्तीसगढच्या बस्तर जिल्ह्यात शिरते. जगदलपूर हे तिच्या काठचे सर्वांत मोठे शहर होय. येथे पठार जवळजवळ सपाट असून जमीन भातशेतीस योग्य आहे; त्यामुळे नदी संथ व विस्तीर्ण पात्रातून वाहते.

जगदलपूरच्या पश्चिमेस सु. ४० किमी. वर नदीचे स्वरूप एकाएकी पालटते. चित्रकोट येथे वालुकाश्माच्या कड्यावरून ती सु. ३० मी. खाली कोसळते. हा प्रपात घोड्याच्या नालेच्या आकाराचा असून पावसाळ्यात त्याची रुंदी सु. ३०० मी. होते. त्यापुढे बारसूरजवळ सातधार येथे खडकांमुळे प्रवाह अनेक धारांत विभागतो व नदी डोंगराळ प्रदेशात शिरते. उत्तरेस अबुजमाडचे दुर्गम डोंगर व दक्षिणेस दंतेवाडा-विजापूरची अरण्ये यांमधून वाट काढीत ती महाराष्ट्राच्या सीमेवर येते. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड येथे पर्लकोटा व पामुलगौतम या नद्यांशी तिचा संगम होतो. येथून ती दक्षिणेकडे वळून महाराष्ट्र व छत्तीसगढ यांची सीमा बनते आणि सिरोंचा तालुक्यातील सोमनूरजवळ गोदावरीस मिळते. संगमापाशी महाराष्ट्र, छत्तीसगढ व तेलंगण या तीन राज्यांच्या सीमा एकत्र येतात. तेथे पात्राची उंची समुद्रसपाटीपासून केवळ सु. ८२ मी. आहे, म्हणजे उगमापासून मुखापर्यंत नदी सु. ८३२ मी. खाली उतरते. भास्केल, नारंगी, निब्रा, कोटरी (महाराष्ट्रात पर्लकोटा), शंखिनी-डंकिनी व चिंतावागू या तिच्या उल्लेखनीय उपनद्या होत.

प्राचीन व मध्ययुगीन इतिहास : या प्रदेशातील राजसत्ता मुख्यत्वे वरच्या पठारावर व त्याच्या कडेला नांदल्या. अकराव्या शतकापासून चौदाव्या शतकापर्यंत येथे छिंदक नागवंशाचे राज्य होते. चक्रकोट्य या नावाने ते ओळखले जाई. चोल राजांच्या लेखांत येणारे ‘शक्करकोट्टम’ ते हेच. पहिल्या कुलोत्तुंगाने तारुण्यात येथील धारावर्ष राजाचा पराभव केल्याचा उल्लेख आढळतो. धारावर्षाचा मांडलिक चंद्रादित्य याने बारसूर येथे शिवमंदिर व तलाव बांधविल्याची नोंद शके ९८३ च्या तेलुगू शिलालेखात आहे. मामा-भांजा व बत्तीसा ही मंदिरे आणि गणेशाच्या दोन भव्य मूर्ती बारसूरच्या वैभवाची साक्ष देतात. पठार संपून दुर्गम खोरे सुरू होते, तेथेच हे नगर वसले होते, हे लक्षणीय आहे.

चौदाव्या शतकात वरंगळच्या काकतीय घराण्यातील अन्नमदेव येथे आला व त्याने बस्तरच्या राज्याचा पाया घातला. शंखिनी व डंकिनी यांच्या संगमावरील दंतेश्वरी ही या घराण्याची कुलदेवता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दलपतदेवाने इंद्रावतीकाठी जगदलपूर येथे राजधानी हलविली. १७७८ च्या कोटपाडच्या तहाने दर्यावदेवाने नागपूरकर भोसल्यांचे स्वामित्व मान्य केले. तथापि अरण्याच्या अंतर्भागात हे स्वामित्व खंडणीपलीकडे फारसे पोहोचले नाही. १७९५ मध्ये कॅप्टन ब्लंट या इंग्रज अधिकाऱ्याने चुनारहून दक्षिणेकडे प्रवास केला; बस्तरमध्ये शिरण्याचा त्याचा प्रयत्न गोंडांच्या विरोधामुळे फसला. पर्लकोटचा जमीनदार गेंदसिंह याने १८२४-२५ मध्ये मराठे व इंग्रज या दोन्ही सत्तांविरुद्ध उठाव केला. त्याला १८२५ मध्ये फाशी देण्यात आले.

लाकूड, जलमार्ग व उठाव : १८५३ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर बस्तर इंग्रजांच्या मांडलिकीखाली आले आणि नदीकडे व अरण्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. कापूस व लाकूड समुद्राकडे नेण्यासाठी गोदावरी नौकासुलभ करण्याची योजना त्यावेळी चालू होती. सिरोंचा हे अपर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. परंतु गोदावरीच्या पात्रात खडकांचे तीन मोठे अडथळे होते व त्यांपैकी मधला इंचमपल्ली येथे, इंद्रावतीच्या मुखाजवळ होता. बराच खर्च करूनही हे काम १८७१ मध्ये सोडून द्यावे लागले.

लाकडाची मागणी मात्र वाढतच गेली. १८५९ मध्ये दक्षिण बस्तरमधील भोपालपट्टनम व इतर जमीनदारींतील लोकांनी हैदराबादकडील ठेकेदारांच्या वृक्षतोडीविरुद्ध शस्त्र उचलले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी अरण्याचा मोठा भाग राखीव करण्याचे धोरण आले. फिरती शेती व वनोपज यांवर बंधने आली. बेगारीचा जाच होताच. याची परिणती फेब्रुवारी १९१० मधील ‘भूमकाल’ या उठावात झाली. नेतानारच्या गुंडाधूरचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले आहे. जगदलपूरला काही काळ वेढा पडला. अखेर लष्कर आणून उठाव मोडण्यात आला.

जलविद्युत् प्रकल्प : स्वातंत्र्योत्तर काळात लाकडाबरोबर नदीचे पाणी व तिचा उतार यांना महत्त्व आले. १९५८ पासून दंडकारण्य प्रकल्पाखाली पूर्व बंगालमधील निर्वासितांच्या वसाहती उमरकोट, पर्लकोट इ. भागांत झाल्या व उपनद्यांवर लहान धरणे बांधण्यात आली. अपर इंद्रावती प्रकल्पाचे काम १९७८ मध्ये सुरू झाले. १९९१ च्या पावसाळ्यात बोगद्यात पुराचे पाणी घुसून अनेक कामगार मृत्युमुखी पडले. पुढे पूर्ण झालेल्या या प्रकल्पात कलहंडीतील मुखीगुडा येथे ६०० मेगावॉट क्षमतेचे वीजकेंद्र आहे. वीजनिर्मितीनंतर पाणी हाती नदीत, म्हणजे महानदीच्या खोऱ्यात, जाते. त्यामुळे कलहंडीतील मोठे क्षेत्र ओलिताखाली आले. पण ते पाणी इंद्रावतीस कायमचे अंतरले.

बारसूरजवळील बोधघाट प्रकल्पाची कोनशिला १९७९ मध्ये बसविण्यात आली. सालवृक्षांच्या अरण्याची हानी व आदिवासींचे विस्थापन यांमुळे तो रखडला. २०२० मध्ये तो बहुउद्देशीय स्वरूपात पुन्हा पुढे आला व विरोधही पुन्हा झाला. इंद्रावतीवरील भोपालपट्टनम व गोदावरीवरील इंचमपल्ली या धरणांमुळे महाराष्ट्राचा सीमाभागही बुडणार होता. भामरागडजवळ हेमलकसा येथे १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू करणारे बाबा आमटे यांनी १९८३ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांना पत्र लिहून या धरणांस विरोध केला. लालश्यामशाह व इतर आदिवासी नेत्यांसह ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले आणि दोन्ही योजना मागे पडल्या. त्याच सुमारास, १९८३ मध्ये, भोपालपट्टनमच्या परिसरातील इंद्रावती राष्ट्रीय उद्यानाचा व्याघ्र प्रकल्पात समावेश झाला. वाघाप्रमाणेच रानम्हशींसाठीही हे उद्यान प्रसिद्ध आहे. १९८० नंतर नदीकाठच्या अरण्यांत नक्षलवादी चळवळ पसरली व सशस्त्र संघर्षाची झळ दोन्ही तीरांवरील माडिया व मुरिया गोंडांना बसली.

पाण्याचा प्रश्न : ओडिशाने आपल्या सीमेवर इंद्रावतीत ४५ अब्ज घनफूट पाणी सोडावे, असा करार १९७५ मध्ये ओडिशा व मध्य प्रदेश यांच्यात झाला, १९८० च्या गोदावरी जलतंटा लवादाच्या निवाड्यात त्याचा समावेश आहे. परंतु सीमेलगतच्या जौरा नाल्याने नवा पेच निर्माण केला. इंद्रावतीचे पात्र गाळाने उथळ व नाल्याचे पात्र खोल होत गेल्याने कोरड्या ऋतूत बरेचसे पाणी नाल्यातून शबरी (कोलाब) नदीत जाऊ लागले. शबरीही पुढे गोदावरीसच मिळते. म्हणून गोदावरीच्या हिशेबात तूट दिसत नाही, पण जगदलपूर व चित्रकोट यांना तिची झळ लागते. पाण्याच्या समान वाटणीसाठी नाल्याच्या मुखाशी बांधकाम करण्याचे २००३ मध्ये ठरले. तथापि २०१९ च्या उन्हाळ्यात चित्रकोटची धार जवळजवळ आटली व जगदलपूरच्या नागरिकांनी नदी वाचविण्यासाठी पदयात्रा काढली.

इंद्रावतीच्या खोऱ्यातील छत्तीसगढच्या वाट्याचे न वापरलेले पाणी गृहीत धरून गोदावरी-कावेरी जोडणीची योजना आखली गेली आहे. कागदावर ‘न वापरलेले’ ठरणारे हे पाणी प्रत्यक्षात मासेमारी, नदीकाठची शेती, अरण्य व वन्य प्राणी यांच्या उपयोगी पडत असते. एके काळी दुर्गम खडकांनी व घनदाट अरण्याने या खोऱ्याचे रक्षण केले. आता कोणत्याही खडकाला ओलांडू शकणाऱ्या तंत्रविद्येच्या युगात ते रक्षण पुरेसे नाही. खोऱ्याच्या पाण्याची मोजणी करताना तेथील रहिवाशांची व अरण्याची गरज प्रथम धरली जाते की नाही, यावर या अरण्यनदीचे पुढील स्वरूप अवलंबून राहील.