सोपाऱ्याची मंजूषा

दादरला विरारची गाडी पकडून नालासोपाऱ्यास उतरणाऱ्या माणसांपैकी, आपण एका प्राचीन बंदराच्या दाराशी उतरलो आहोत, याची जाणीव फार थोड्यांना असते. त्या बंदरातील सर्वांत मौल्यवान ठेवा मात्र सोपाऱ्यात नाही. तो मुंबईच्या फोर्ट विभागात, टाऊन हॉलमधील एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात जतन करून ठेवलेला आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरप्रवासाच्या पुस्तकात ‘सुप्पारा’ हे नाव कल्याणबरोबर येते. कार्ले आणि कान्हेरी येथील लेण्यांतील शिलालेखांतही सोपाऱ्याच्या दात्यांची नोंद आहे. बायबलमधील शलमोन राजाची जहाजे ज्या ओफीरहून सोने आणीत, ते ओफीर म्हणजेच सोपारा, असेही काही अभ्यासकांनी सुचविले. तसा पुरावा मात्र मिळालेला नाही. पुढे खाडी गाळाने भरत गेली, जहाजे दुरावली आणि बंदर गावाच्या रूपाने उरले.

१८८२ च्या एप्रिल महिन्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील ‘बुरुड राजाचा कोट’ नावाची टेकडी खोदली. जुनागढचे हे विद्वान डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या आश्रयाने मुंबईत आले आणि वाळकेश्वरला राहून प्राचीन लिपींचे संशोधन करीत. कोट म्हणून ओळखली जाणारी ती टेकडी म्हणजे विटांचा बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या मध्यभागी दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याची मंजूषा आणि भोवती ब्राँझच्या आठ लहान बुद्धमूर्ती. तांब्याच्या मंजूषेत चांदीची, तिच्यात दगडाची, तिच्यात स्फटिकाची आणि अखेर सोन्याची. सोन्याच्या मंजूषेत काय होते? मातीच्या भांड्याचे काही तुकडे! ते भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे असावेत, अशी त्या काळच्या भाविकांची श्रद्धा होती. सोन्याची बारीक फुलेही सापडली, आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणेही मिळाले. नाणे दुसऱ्या शतकातील, मूर्ती मात्र कित्येक शतकांनंतरच्या. अर्थात मधल्या काळात कोणीतरी पेटी उघडून, नवी भर घालून, ती पुन्हा श्रद्धेने बंद केली असली पाहिजे.

सोन्याच्या आत मातीचे खापर ठेवण्यामागची भावना आपणांस परकी वाटू नये. संतांचे अवशेष वेदीत जपणाऱ्या ख्रिस्तसभेला ती सहज कळेल.

याच सोपाऱ्याशी आपलेही नाते आहे. १३२१ च्या एप्रिलमध्ये ठाणे येथे थॉमस, याकोब, पेत्र आणि दमेत्रियस हे चार फ्रान्सिस्कन बंधू हुतात्मे झाले. त्यांचे डॉमिनिकन सहप्रवासी फादर जोर्दानुस यांनी त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन तेथील चर्चमध्ये पुरले. पुढे ओदोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने त्यांच्या अस्थी थेट चीनमध्ये नेल्या. पोर्तुगीज येण्यापूर्वी सुमारे दोनशे वर्षे येथे ख्रिस्ती चर्च होते, एवढे यावरून स्पष्ट होते. त्या चर्चची जागा मात्र आज निश्चितपणे दाखविता येत नाही. स्तूपाला भगवानलाल भेटले. आपल्या चर्चला अजून कोणी भेटलेले नाही.

येथे भुईगावची आठवण करावीशी वाटते. भगवानलालांना १८८२ मध्ये सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यात मिळाला होता. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये भुईगाव येथे सापडला. आजार, विवाह, अपत्यजन्म आणि प्रवास अशा प्रसंगी लोक नाना विधी करतात, परंतु नोकर-दासांना नीट वागविणे, गुरुजनांचा आदर करणे, प्राणिमात्रांशी संयमाने वागणे आणि दान देणे हाच खरा फलदायी विधी होय, असा त्या नवव्या लेखाचा आशय आहे. कर्मकांडापेक्षा दया मोठी, हे वचन आपण शुभवर्तमानातही ऐकतो. ख्रिस्तजन्माच्या अडीचशे वर्षांपूर्वी कोरलेला तो दगड आपल्या ख्रिस्ती बांधवांच्या गावात मिळावा, हा योग विलक्षण खरा!

आज वसईपासून गिरगावपर्यंत जुनी घरे पाडून इमारती उठत आहेत. पाया खणताना निघालेला कोरीव दगड, नाणे, खापर किंवा जुना क्रूस मातीच्या ढिगाबरोबर भरावात जातो. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असा कायदा १८७८ पासून आहे. पण कायद्याच्या आधी आपली नजर जागी हवी. असे काही दिसले तर काम क्षणभर थांबवावे, वस्तू जेथे आहे तेथेच तिचे छायाचित्र घ्यावे आणि आपल्या धर्मगुरूंना व पुरातत्त्व खात्याला कळवावे. वस्तू जागेवरून हलली की तिचा निम्मा इतिहास पुसला जातो.

सोपाऱ्याच्या त्या अनामिक भाविकांनी मातीचा तुकडा सोन्यात जपला. आपण निदान तो कचऱ्यात तरी टाकू नये.