मुरलेल्या द्राक्षमद्याचा रसविचार : दख्खनमधील एका खंडित परंपरेचा मागोवा

मराठीत 'रसग्रहण' हा शब्द कवितेसाठी राखून ठेवलेला आहे. मद्यासाठी भाषेने जी क्रियापदे जवळ केली ती बहुतेक परिणामाची आहेत : झिंगणे, तर्र होणे, चढणे, उतरणे. 'ढोसणे' या क्रियापदात तर चवीला जागाच नाही. त्यामुळे बोर्दो प्रांतातील वीस-पंचवीस वर्षे बाटलीत राहिलेल्या लाल वाइनविषयी मराठीत लिहू पाहणाऱ्यास इंग्रजीचा किंवा फ्रेंचचा आधार घ्यावा लागतो. वाइन ही वस्तूच परकी, तेव्हा तिची परिभाषाही परकी असणार, असे याचे स्पष्टीकरण सहसा दिले जाते. ते पटणारे नाही. द्राक्षमद्य, त्याचे जुने होणे आणि त्या जुनेपणाची पारख या तिन्ही गोष्टी भारतीय वाङ्मयाला अवगत होत्या, आणि दख्खनच्या भूमीलाही त्या अपरिचित नव्हत्या. पुढे मद्याच्या वाट्याला केवळ मद आला आणि रस काव्यशास्त्राकडे गेला. ही वाटणी कशी झाली, हा येथील प्रश्न आहे.

प्रथम वस्तूकडे पाहणे सोयीचे. बोर्दोची लाल वाइन मुख्यतः काबर्ने सोव्हिन्यों आणि मेर्लो या द्राक्षांची. द्राक्षाच्या साली व बिया रसाबरोबर आंबविल्यामुळे रंगद्रव्ये आणि टॅनिन मद्यात उतरतात. तरुण वाइन जांभळट लाल असते आणि कच्च्या सुपारीसारखी तोंड ओढून धरते. बाटलीत वर्षे जातात तसे टॅनिन व रंगद्रव्यांचे कण एकमेकांना जखडून जड होतात आणि तळाशी बसतात. म्हणून जुनी बाटली आदल्या दिवशी उभी ठेवावी लागते, आणि मानेखाली मेणबत्ती धरून, साका हलणार नाही अशा बेताने, एका धारेने निथळून घ्यावी लागते. ओतलेल्या मद्याचा रंग कडेला विटकरी दिसतो. फ्रेंच जाणकार या रंगाला 'रोब', म्हणजे अंगावरचे वस्त्र म्हणतात. ताज्या फळाचा वास ओसरलेला असतो. त्याच्या जागी देवदार, तंबाखूची पेटी, जुने चामडे, पावसाळी रानातला पाचोळा आणि अळंबी असे वास येतात. घोट तोंडात घोळवल्यावर वासाचा मोठा भाग घशामागून नाकात चढतो. तुरटपणा उरतो, पण रेशमासारखा. चांगल्या मद्यात हे सारे घोट गिळल्यावरही बराच वेळ टिकते. या टिकण्यालाच जाणकार सर्वाधिक मोल देतात.

या स्थित्यंतराला मराठीत नेमका शब्द आहे : मुरणे. लोणचे मुरते, माणूस मुरतो. मुरण्यात निव्वळ जुने होणे नाही. वेगवेगळे असलेले घटक काळाच्या हाताने एकजीव होणे त्यात अभिप्रेत आहे. तुरट या चवीबाबतही तेच. आयुर्वेदाच्या षड्रसांत कषाय हा स्वतंत्र रस आहे. आधुनिक शरीरशास्त्र त्याला चव न मानता स्पर्श मानते, कारण टॅनिन लाळेतील प्रथिनांना बांधून जीभ कोरडी करते. परंतु हिरडा, काथ, जांभूळ आणि कच्चे केळे यांच्या तुरटपणातला फरक जाणणाऱ्या जिभेला लाल वाइनचा हा गुण समजावून सांगण्याची गरज पडू नये.

शास्त्रग्रंथांची साक्ष याहून स्पष्ट आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणी द्राक्षरसापासून केलेल्या मद्याला 'मधु' म्हटले असून कापिशायन व हारहूरक ही त्याची नावे त्याच्या उत्पत्तिदेशावरून पडल्याचे सांगितले आहे. कापिशी म्हणजे अफगाणिस्तानातील बेग्राम परिसर. मद्याला त्याच्या भूमीचे नाव द्यावे, ही कल्पना बोर्दोच्या पुष्कळ आधीची आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात तर नव्या आणि जीर्ण मद्याची तुलनाच येते. नवे मद्य जड, दुर्गंधी, विरस आणि दाह करणारे, तर जीर्ण मद्य सुगंधी, हृद्य, रुची वाढविणारे आणि पचायला हलके. वैद्याची ही नोंद प्रकृतीच्या हिताची असली तरी तिच्यातील दोन विशेषणे, सुगंधी आणि विरस, नाकाची व जिभेची आहेत. आसवे-अरिष्टे तुपाने माखलेल्या मडक्यात धायटीची फुले घालून, तोंड लिंपून, धान्याच्या राशीत पुरून ठेवण्याची रीतही याच ज्ञानाचा भाग होय. राशीत तापमान फारसे हलत नाही. फ्रान्समधील तळघर याहून वेगळे काही करीत नाही.

दख्खनशी या व्यवहाराचा संबंध इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून दाखविता येतो. 'एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तिकेत बॅरिगाझा, म्हणजे भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत मद्य आहे. त्यात इटलीच्या मद्याला पसंती, शिवाय लाओडिकियाचे व अरबस्तानचे. राजासाठी आणावयाच्या मौल्यवान वस्तूंत चांदीची भांडी, गाणारी मुले आणि तलम वस्त्रे यांबरोबर उंची मद्याचा वेगळा उल्लेख आहे. साधे मद्य आणि उंची मद्य हा भेद बाजाराला ठाऊक होता, असा याचा अर्थ. पेरिप्लसमधील हा राजा क्षहरात नहपान असावा, असे सामान्यतः मानले जाते. त्याच्या जावयाचे, उषवदाताचे, दानलेख नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरलेले आहेत. म्हणजे आज ज्या डोंगराच्या आसपास द्राक्षमळे पसरले आहेत, तेथल्या दात्यांच्या राजाघरी परदेशचे निवडक मद्य येत होते. त्याच पुस्तिकेत पैठण व तेर या बाजारपेठांचीही नोंद आहे. नेवासे येथील उत्खननात सापडलेल्या दोन मुठींच्या कुंभांच्या खापरांवरून पूर्वी रोमन मद्याच्या आयातीचा मोठा हिशेब मांडला जाई. पुढे रॉबर्टा टॉम्बर यांच्या अभ्यासातून पश्चिम भारतातील अशा अनेक खापरांचे मूळ रोमन नसून मेसोपोटेमियाचे असल्याचे दिसून आले. आतून डांबर फासलेले ते लांबट रांजण होत. त्यामुळे रोमशी असलेल्या व्यापाराचे आकडे आक्रसले, पण इराणी आखाताचा वाटा वाढला. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर चषक हाती घेतलेले परदेशी वेशाचे स्त्री-पुरुष आहेत. त्यांच्याकडे या दिशेने पाहावयास हवे.

बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वर तिसऱ्याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या विनोदांत मदिरापानक्रीडेला स्वतंत्र प्रकरण मिळाले. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ त्यातील प्राचीन मराठी पंक्तींमुळे परिचित आहे. मदिरेच्या प्रकरणाकडे मात्र त्यांचे लक्ष क्वचितच गेले. पेय, पात्र, सोबत आणि प्रसंग यांचा एकत्र विचार करणारी दरबारी रुची तेथे दिसते. त्यानंतर दोन शतकांनी इब्न बतूता दौलताबादेत आला. दिल्लीत आजच्या मुनिरक्याच्या पूर्वेस बेगमपूर भागात ज्याच्या जहाँपनाह नगराचे अवशेष उभे आहेत, त्या मुहम्मद तुघलकानेच दौलताबाद दुसरी राजधानी केली होती. तेथे द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा पिकतात, असे या प्रवाशाने नोंदविले. उष्ण पठारावर द्राक्षवेल विश्रांती घेत नाही, हे सत्य त्यात आले आहे. आजचा बागायतदार वर्षातून दोन छाटण्या करून, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची फळछाटणी, एकच पीक घेतो तो याच कारणाने.

पेशवाईत चित्र पालटलेले दिसते. न्यायमूर्ती रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिश्यांना १९०० मध्ये जी प्रस्तावना लिहिली तीत मद्यबंदीच्या हुकमांचा परामर्श आहे. तोफखान्यातील ख्रिस्ती गोलंदाजांना स्वतःपुरती दारू गाळण्याची मुभा होती, विकण्याची नव्हती. नाशिकच्या काही धर्माधिकाऱ्यांवर मद्यपानाचा संशय आला आणि ते जुमानीनात म्हणून त्यांची रवानगी किल्ल्यांवर झाली. चांदोरी तालुक्यातील एका सधन पाटलाची इनाम जमीन याच कारणाने जप्त झाली. आजचा विंचूरचा वाइन पार्क चांदोरीप्रमाणेच निफाडच्या द्राक्षपट्ट्यात आहे, हा योगायोग नजरेआड करू नये. परंतु मुद्दा भाषेचा आहे. या कागदपत्रांत मद्य येते ते गुन्हा म्हणून. काय प्याले आणि ते कसे होते, हे विचारण्याचे कारण कारकुनाला नव्हते. 'दारू' हा फारसी शब्दही मराठीत आला तो औषध हा मूळ अर्थ मागे ठेवून. येथे तो तोफेच्या कोठारात आणि गाळपाच्या भट्टीत स्थिरावला.

इंग्रजी अमदानीत अबकारी हा महसुलाचा विषय झाला. साहेबाच्या टेबलावर बोर्दोचे मद्य 'क्लॅरेट' या नावाने होते, मोहाची व ताडीची नोंद खात्याच्या वहीत होती आणि सुशिक्षित मराठी समाज मद्यपाननिषेधाच्या बाजूने उभा राहिला. ही भूमिका निराधार नव्हती. राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातील सुधाकराची शोकांतिका ज्या घरांनी प्रत्यक्ष भोगली त्यांना मद्याच्या सुगंधाची चर्चा निर्दय वाटली असती. तळीरामाचे आर्यमदिरामंडळ हे तर रसिकतेच्या बहाण्याचेच विडंबन. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ रोजी दारूबंदी आली. १९४९ च्या अधिनियमानंतर ६ एप्रिल १९५० पासून ती राज्यभर लागू झाली. साठीच्या दशकात ती सैल झाली, तरी तो कायदा महाराष्ट्रात नाव बदलून आजही आहे. पिणाऱ्याला त्याखाली मिळणारा परवाना 'आरोग्य राखण्यासाठी' असतो. दारू पुन्हा औषध झाली, पण कागदावर.

याच काळात रस मात्र अन्यत्र समृद्ध होत होता. भरताने नाट्यशास्त्रात रसाची कल्पना सुसंस्कृत अन्नाच्या आस्वादावरूनच मांडली. अभिनवगुप्त आणि मम्मट यांनी दृष्टांत दिला तो पानकाचा. गूळ, मिरे आदी घटकांच्या चवींहून निराळी अशी एक अखंड चव पेयात निर्माण होते, तसा विभावादिकांतून रस. आस्वादाच्या क्रियेला त्यांनी 'चर्वणा' म्हटले. बोर्दोचे जाणकारही मद्य तोंडात 'चावतात', हा शब्द त्यांचाच आहे. विसाव्या शतकातील मराठी साहित्यशास्त्राने पानकरस, चर्वणा, सहृदय या संज्ञा काव्यासाठी पुन्हा घासून लख्ख केल्या. त्या ज्या पेल्यातून आल्या होत्या, तो मात्र परत कोणी हाती घेतला नाही.

जाणकारीची ही भाषा सर्वस्वी विश्वासार्ह असते असे मात्र नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोरो, ब्रोशे व द्युबूरदिय यांच्या प्रयोगात बोर्दोच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे लाल रंग मिसळलेली पांढरी वाइन ठेवली गेली आणि त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. डोळ्याने नाकाला फसविले. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी केलेली प्रसिद्ध वर्गवारीसुद्धा जिभेपेक्षा बाजारभावावर बेतलेली होती. तेव्हा परकीय परिभाषेपुढे नमते घेण्याचे कारण नाही. करवंद, जांभूळ, आमसूल, काथ यांवर घडलेल्या नाकाने केलेले वर्णन तितकेच प्रमाण ठरेल.

ही संधी महाराष्ट्रात प्रत्यक्ष आली ती १९८० च्या दशकात. शामराव चौगुले यांनी नारायणगाव येथे फ्रेंच तंत्रसाहाय्याने फेसाळ वाइनचा उद्योग उभारला आणि ती परदेशी पाठविली. ती कंपनी पुढे कर्जाखाली बुडाली. राजीव सामंत यांच्या 'सुला'ची पहिली वाइन २००० मध्ये आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले आणि विंचूर व पलूस येथे वाइन पार्क आखले गेले. अकलूजला इटालियन भागीदारीतून 'फ्रातेली' उभी राहिली.

तरीही मुरण्याचा प्रश्न उरतोच. बोर्दोत द्राक्ष शरद ऋतूच्या थंडाव्यात तयार होते. नाशिकला तोडणी हिवाळ्याच्या अखेरीस, उन्हे तापू लागताना होते. साखर झपाट्याने वाढते, आंबटपणा उतरतो, टॅनिन पिकायला पुरेसा वेळ मिळत नाही, आणि आंबटपणा व टॅनिन हेच तर दीर्घायुष्याचे आधार. शिवाय बाटली १२-१३ अंशांच्या अंधारात आडवी निजावी लागते. एप्रिल-मेच्या उन्हात दुकानाच्या फळीवर उभी राहिलेली बाटली मुरत नाही, शिजते. म्हणून बहुतांश वाइन त्याच किंवा पुढल्या वर्षी संपते. ओकच्या पिंपात ठेवून काही वर्षे टिकतील अशा लाल वाइन करणारे उत्पादक मोजके आहेत.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइनविक्रीस अनुमती देण्याचे ठरविले, तेव्हा जो गदारोळ झाला तो 'वाइन ही दारू आहे की नाही' याच एका वाक्याभोवती फिरला. एका बाजूने शेतकऱ्याचे उत्पन्न मांडले गेले, दुसऱ्या बाजूने घरांचे उद्ध्वस्त होणे. निर्णय अमलात आला नाही. वाइनची चव कशी असते, हे या वादात कोणी विचारल्याचे दिसत नाही. नाशिकच्या ओकमध्ये मुरविलेल्या एका शिराझ वाइनला 'सुला'ने 'रासा' असे नाव दिले आहे. बाटलीवर ते रोमन लिपीत छापलेले असते.