हातोडी, सुई आणि न उठणारा झटका

लावणीच्या दिवसांत शहापूर-मुरबाडच्या एखाद्या पाड्यावरून धडधाकट गड्याला दोघांनी खांद्याचा आधार देऊन दवाखान्यात आणलं आणि "पायातलं बळच गेलंय" असं सांगितलं, तर डॉक्टरांच्या मनात आधी मण्यार येते. यायलाच हवी. भुईवर झोपलेल्याला ती रात्री चावते, फारसं दुखत नाही, दातांची खूण बरेचदा सापडतही नाही. आपल्याला पान लागलंय हे त्या माणसालाच ठाऊक नसतं. मात्र मण्यारीचं विष वरून खाली उतरतं. आधी पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, बोलणं अडखळतं, मग हातपाय जातात, आणि हे सगळं काही तासांत.

नेमक्या उलट चालीचा आणखी एक आजार आहे. तळपायाला मुंग्या येतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उकिडवं बसलं की उठता येत नाही, मग हात, मग चेहरा. दोन्ही बाजूंना साधारण सारखाच जोर. ताप नाही, शुद्ध पक्की. पुण्यात 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात याचे रुग्ण एकाएकी वाढले आणि तोवर तज्ज्ञांच्या तोंडी असलेलं 'जीबीएस' चहाच्या टपरीवर पोचलं. गुलेन-बॅरी सिंड्रोम हे त्याचं पूर्ण नाव. एरवी वर्षाला लाखात एखाददुसऱ्याला होणारा आजार. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत मिळून पाच लाखांच्या आसपास होती. त्या हिशेबाने इथेही वर्षाकाठी पाच-दहा जणांना तो गाठत असणार, बातमी न होता.

या आजाराची ओळख पटते ती काय आहे यापेक्षा काय नाही यावरून. ते 'नाही' पाहायला वैद्यक शिकलं त्याचीच ही कुळकथा.

ऑक्टाव लँड्री या फ्रेंच डॉक्टरने 1859 मध्ये पायांकडून वर चढत जाणाऱ्या लुळेपणाचं वर्णन केलं. त्याचा रुग्ण रस्त्याची फरसबंदी करणारा 43 वर्षांचा मजूर होता. वर्णन इतकं नेमकं, की आजही ते वॉर्डात वाचून दाखवावं. पण लँड्रीच्या हाती हातोडी नव्हती. गुडघ्याच्या वाटीखालच्या शिरेवर टिचकी मारली की पाय झटक्याने उडतो, याला रोगनिदानात काही अर्थ आहे हे जर्मनीत अर्ब आणि वेस्टफाल या दोघांनी एकाच वर्षी, 1875 मध्ये, स्वतंत्रपणे मांडलं. फिलाडेल्फियाच्या टेलरने 1888 मध्ये खास त्या कामासाठी त्रिकोणी रबराची हातोडी केली. तीच आजही डॉक्टरांच्या खिशातून डोकावते.

ती वापरायची एक रीत आहे. रुग्णाला खाटेच्या कडेवर पाय लोंबते सोडून बसवायचं आणि मनगट सैल ठेवून ठोका द्यायचा. पाय हलला नाही म्हणून लगेच 'नाही' लिहायचं नाही. रुग्णाला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोराने ओढायला सांगायचं आणि तो ओढत असतानाच पुन्हा ठोका द्यायचा. हंगेरीच्या येंद्रासिकने 1885 मध्ये काढलेली ही युक्ती लपलेला झटका बाहेर काढते. तरीही पाय जागचा हलला नाही, तरच तो गेला म्हणायचं. ठोक्याची खबर मज्जातंतूतून मणक्यातल्या रज्जूपर्यंत जाते आणि हुकूम घेऊन परत येते. जीबीएसमध्ये बहुधा या तंतूंवरचं वेष्टणच शरीराची प्रतिकारशक्ती कुरतडते. रज्जू शाबूत आणि स्नायूही शाबूत, पण मधली वाट बंद. थोड्या रुग्णांत मात्र सुरुवातीला झटके टिकून असतात, म्हणून नुसत्या हातोडीच्या भरवशावर राहता येत नाही.

सुईची गोष्ट याहून सुरस आहे. कील शहरातल्या हाइनरिश क्विंकेने 1891 मध्ये कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून मेंदूभोवतीचं पाणी काढलं, ते निदानासाठी नव्हे, आजारी मुलांच्या डोक्यातला दाब उतरवण्यासाठी. त्याच्या नावाची सुई अजून चालू आहे. जिथे सिझेरियन होतं अशा कुठल्याही सरकारी रुग्णालयात भूल देण्यासाठी ती ठेवलेली असते आणि पाकिटावर बरेचदा क्विंके हे नाव छापलेलं असतं. पाठीतलं पाणी काढलं की माणूस कायमचा अधू होतो ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. नातेवाईक त्यापायी सही करायला तयार होत नाहीत. सुई जिथे शिरते तिथवर रज्जू पोचतच नाही, तो वरच संपलेला असतो, हे कुणी नीट बसून सांगितलं तर बरेच जण ऐकतात.

1916 साली सोमची लढाई चालू असताना फ्रेंच सहाव्या सैन्याच्या मज्जाविकार केंद्रात दोन जवान दाखल झाले. एक घोडदळातला, एक पायदळातला. पायदळातला तर पाठीवर बोजा चढवताना मागे कोसळला आणि त्याला उठताच येईना. जॉर्ज गीलँ (आपल्या वर्तमानपत्रांतला गुलेन), जाँ बारे आणि आंद्रे स्ट्रोल यांनी दोघांचं पाठीतलं पाणी तपासलं. त्या काळी असा लुळेपणा म्हटला की संशय पोलिओवर किंवा उपदंशावर जाई, आणि दोन्हींत त्या पाण्यात पांढऱ्या पेशींची गर्दी होते. इथे प्रथिनं भरपूर आणि पेशी जवळपास नाहीत. सुजलेल्या मज्जामुळांतून प्रथिनं पाझरतात, पण पाण्यात जंतूंचा हल्ला नसल्याने पेशी धावून येत नाहीत. 13 ऑक्टोबर 1916 रोजी पॅरिसच्या वैद्यक सभेत त्यांनी हे मांडलं. झटक्याचे आलेख काढून तो कसा बिघडलाय हे दाखवणारा स्ट्रोल होता. पुढे नावातून नेमका तोच गळला.

दोन्ही जवान सुधारत होते, म्हणून आजार सौम्य आहे असं त्या तिघांनी लिहून टाकलं. दोन रुग्णांवरून काढलेला निष्कर्ष किती टिकणार! या आजारात पाचांतल्या एकाला तरी कृत्रिम श्वास लागतो.

आजच्या अहवालात आकडे असे वाचायचे: प्रथिनं डेसिलिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर, पेशी घन मिलिमीटरला दहाच्या आत. पेशी 50 च्या वर गेल्या तर निदान पुन्हा तपासायचं. एक खोच आहे. पहिल्या आठवड्यात जवळजवळ निम्म्या रुग्णांत प्रथिनं वाढलेलीच नसतात. 'पाणी नॉर्मल आलं' म्हणून घरी धाडणं ही घोडचूक.

प्रतिकारशक्ती का उलटते, हे कळायला आणखी सत्तरेक वर्षं गेली. जुलाब घडवणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टरशी असलेला संबंध 1982 मध्ये पुढे आला. त्या जंतूच्या कवचावरचे साखरेचे रेणू आणि आपल्या मज्जातंतूंवरचे रेणू सारखे आहेत, हे पुढे जपानी संशोधकांनी दाखवलं. जंतूवर सोडलेली प्रतिद्रव्यं मज्जातंतूला लागतात. पुण्यातही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत हाच जंतू सापडला. तरी त्याचा संसर्ग झालेल्या हजारांत जेमतेम एखाद्यालाच जीबीएस होतो.

गावपातळीवर या आजाराची नोंद होऊ लागली ती पोलिओमुळे. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाला अचानक लुळेपणा आला की आशाताईंनी कळवायचं, 14 दिवसांच्या आत, किमान 24 तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पोचवायचे. मुंबईची ती प्रयोगशाळा परळला, हाफकिनच्या आवारात होती. नैसर्गिक विषाणूने झालेल्या पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा, पण कळवणं थांबलेलं नाही, आणि या जाळ्यात अडकणाऱ्या मुलांत जीबीएसची बरीच असतात.

मोठ्या माणसांसाठी असं जाळं नाही. तिथे डॉक्टरांची नजरच कामाची. मुरबाडला रेल्वे नाही. टोकावड्याकडचा रुग्ण कल्याण, मग कळवा किंवा मुंबई असा रस्त्यानेच जातो. म्हणून गाडीत घालण्याआधी एका दमात आकडे मोजायला लावतात. वीसपर्यंत पोचला तर थोडा धीर धरता येतो. दहा-बारालाच थांबला, किंवा उशीवरून मान उचलता येईना, तर ऑक्सिजनची नळी पुरणार नाही. श्वासनलिकेत नळी घालू शकणारा माणूस सोबत हवा.

पुढचा इलाज मोठ्या रुग्णालयातला. स्टिरॉइडचा उपयोग नाही, हे चाचण्यांनी सिद्ध झालंय. रक्तद्रव बदलणं किंवा हजारो दात्यांच्या रक्तातून काढलेलं इम्युनोग्लोब्युलिन देणं, दोन्हींचा गुण सारखा. इम्युनोग्लोब्युलिनचा डोस किलोला 0.4 ग्रॅम, रोज, पाच दिवस. पन्नास किलोच्या माणसाला एकूण 100 ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या वीस बाटल्या. लुळेपणा सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत त्या सुरू व्हाव्या लागतात.