तारेवरचं डंबेल आणि थरथरीतली वीज

आजचा एपिसोड इतिहासाचा आहे, पण त्यात ना गड आहे ना लढाई. आज बोलायचंय टॉवर लाईनवर लटकणाऱ्या एका लोखंडी डंबेलबद्दल.

शिरूर तालुक्यात शिक्रापूरजवळ पॉवरग्रिडचं 765 केव्हीचं सबस्टेशन आहे. खाली ऊस आणि वर तारा, हे चित्र आपल्या भागात सगळ्यांच्या ओळखीचं. पुढच्या वेळी जरा नीट बघा. टॉवरवर जिथे तार धरलेली असते, तिथून थोड्या अंतरावर तारेला खाली एक छोटं डंबेल अडकवलेलं दिसेल. दोन टोकांना दोन वजनं, मध्ये जाडसर दांडी. अनेकांना वाटतं ते तार ताणायला लावलंय. तसं नाही. ते तारेची थरथर खातं.

थरथर कशाची? वाऱ्याची. आणि गंमत म्हणजे वादळाची नाही, मंद वाऱ्याची. गोल तारेवरून वारा गेला की मागे एकदा वरून, एकदा खालून भोवरे सुटतात आणि तार वरखाली हलते. 1878 मध्ये चेक शास्त्रज्ञ स्ट्रोहाल यांनी वाऱ्यात गुणगुणणाऱ्या तारांचा अभ्यास केला. त्यातून आलेलं गणित सोपं आहे: वाऱ्याचा वेग भागिले तारेची जाडी, गुणिले साधारण 0.2. तार 30 मिलिमीटर जाड आणि वारा सेकंदाला 3 मीटर धरला, तर उत्तर येतं 20. म्हणजे सेकंदाला 20 वेळा, तासाला 72 हजार वेळा. खालून काही दिसतही नाही, पण बांधकामावर बाइंडिंगची तार पुन्हा पुन्हा वाकवून तोडतात ना, तेच वर चालू असतं. तारेचे पदर टॉवरच्या पकडीजवळ एकेक करून तुटू लागतात. आणि त्या तारेखाली आपलीच माणसं खुरपत असतात, ऊस तोडत असतात.

महाराष्ट्रात 1915 मध्ये खोपोलीची जलवीज मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली, तेव्हा हे डंबेल जन्मालाही आलं नव्हतं. ते केलं कॅलिफोर्नियातल्या एका वीज कंपनीचे इंजिनिअर जॉर्ज स्टॉकब्रिज यांनी. पेटंट मिळालं 1928 मध्ये. मधली दांडी खरं तर पिळलेल्या पोलादी तारांची असते. मुख्य तार हलली की वजनं मागे रेंगाळतात, दांडी वाकते, तिचे पदर एकमेकांवर घासतात आणि हालचालीची ऊर्जा उष्णता होऊन उडून जाते. बस, एवढंच. ना मोटार, ना वीज, ना सॉफ्टवेअर.

तैपेई 101 या इमारतीत टांगलेला 660 टनांचा गोळाही तत्त्वाने याचाच मोठा भाऊ. इमारत डोलते, गोळा उलटा डोलतो, डॅम्पर ती ऊर्जा उष्णतेत घालवतात.

आता तुमच्या मनात आलंच असेल: घालवायची कशाला? वीज करा की!

हा विचार आपल्याकडे जुना आहे, फक्त तो थरथरीसाठी नव्हता. दौंड ज्या मुंबई-पुणे-सोलापूर लाईनवर आहे, त्याच लाईनवर बोरघाट लागतो. चढ 37 फुटांना 1 फूट. 1930 च्या आसपास जीआयपी रेल्वेने तिथे विजेची इंजिनं आणली. मालगाडीच्या इंजिनाला लोक ‘खेकडा’ म्हणायचे. घाट उतरताना त्याच्या मोटारी उलट काम करायच्या: गाडी रोखायच्या आणि वीज वरच्या तारेत परत द्यायच्या. जी ऊर्जा ब्रेकमध्ये जळून गेली असती, तीच वीज झाली.

पण एक अट होती, आणि आजच्या एपिसोडचा मुद्दा तोच आहे. ती वीज त्याच क्षणी घेणारं कोणीतरी लागतं. घाट चढणारी दुसरी गाडी, किंवा वीज परत घेऊ शकणारं सबस्टेशन. घेणारा नसेल, तर तो ब्रेक लागतच नाही. म्हणून साधे ब्रेकही लागतातच.

थरथरीचंही अगदी असंच आहे. डंबेलमधलं घासणं काढून तिथे चुंबक आणि कॉइल बसवलं, की हालचालीतून वीज निघते. तांब्याच्या पाईपमधून चुंबक सोडल्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल, तो तरंगत तरंगत खाली येतो. कारण पाईपमध्ये करंट वाहतो आणि तो चुंबकाला रोखतो. म्हणजे वीज काढणं हेच रोखणं. एका दगडात दोन पक्षी. 2012 च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात लेई झुओ आणि शिऊडोंग टांग यांनी उंच इमारतींच्या डॅम्परसाठी हेच मांडलं: कंपन कमी करा आणि वीजही घ्या.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे बॅटरी फुल झाली की चार्जिंग तोडायचं, हे डोळे झाकून लिहिलं जातं. एक ‘इफ’, एक ओळ. या यंत्रात ती ओळ धोक्याची आहे. सर्किट तोडलं की करंट थांबला, करंट थांबला की रोखणं थांबलं, आणि तार पुन्हा मोकळी थरथरायला लागली. त्यामुळे बॅटरी भरली की करंट एखाद्या रेझिस्टरकडे वळवावा लागतो. म्हणजे पुन्हा उष्णताच! आणि सर्किटच बंद पडलं तर? तेव्हा जुनं घासणारं डंबेल शाबूत हवं, घाटातल्या साध्या ब्रेकसारखं.

बरं, मिळते तरी किती वीज? तारेच्या थरथरीतून मिलिवॅटच्या घरात. 10 मिलिवॅट धरले, तर 5000 एमएएचचा फोन भरायला जवळपास 80 दिवस लागतील. म्हणजे यातून गावात दिवे लागणार नाहीत. पण तारेवर बसलेला, दर काही मिनिटांनी जागा होऊन ‘थरथर वाढलीय’ असा मेसेज टाकणारा सेन्सर मात्र चालू शकतो. लाईन बंद करून, टॉवरवर माणूस चढवून बॅटरी बदलायची नसेल, तर ही किडुकमिडुक वीज सोन्याच्या मोलाची.

म्हणून ‘कंपनातून फुकट वीज’ असा व्हिडिओ फॉरवर्ड होऊन आला, तर दोन प्रश्न विचारा. ती वीज घेणार कोण? आणि घेणारा नसेल तेव्हा थरथर रोखणार कोण? पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडं कमी पडलं तरी चालेल. दुसऱ्याचं मात्र पक्कं हवं, कारण तारेखालचं शेत रिकामं नसतं.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!