तेल्याची वही

दिंडीची शंभर वर्षं भरली म्हणून मंडळानं आम्हास चार शब्द लिहिण्याची आज्ञा केली. आम्ही चौथी शिकलेलो. हाताला लेखणीपेक्षा खुरपं आणि टाळ ठाऊक. म्हणून आठवण काढतो ती एका टाळकऱ्याची, ज्यांच्या हाती लेखणीही होती. ते म्हणजे संताजी महाराज जगनाडे.

संताजी महाराज चाकणचे. जन्म १६२४ सालचा सांगतात. घरचा धंदा तेलाचा. पहाटे घाण्याला बैल जुंपायचा, तेल गाळायचं, मापानं विकायचं, पेंड वेगळी द्यायची. धंदा म्हटला की उधारी आली आणि उधारी आली की वही आली. त्यामुळं लिहिणं आणि हिशेब त्यांनी घरातच उचलला.

तुकोबाराय देखील दुकानदारच. देहूला वाण्याचं दुकान होतं, सावकारीही होती. १६३० च्या मोठ्या दुष्काळात घरची माणसं गेली, दुकान बसलं. मग भावाशी वाटणी करून महाराजांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडविली. लोकांकडचं येणं माफ केलं. ज्याच्या घरी दाणा नाही त्याला खत बुडाल्याचं मोल विचारावं!

पुढं चाकणला तुकोबारायांचं कीर्तन झालं. संताजी तेव्हा तरुण होते. संसार टाकून निघायची त्यांची तयारी झाली, तर महाराजांनी प्रपंचात राहूनच परमार्थ करायला सांगितलं, असं जुनी मंडळी सांगतात. घाणा बंद झाला नाही. दिवसा तेल, रात्री टाळ. चौदा टाळकऱ्यांत ते उभे राहिले, आणि महाराजांच्या मुखातून निघालेले अभंग वहीत उतरवू लागले. कडूसचे गंगाजीपंत मवाळही लिहीत. एक ब्राह्मण, एक तेली, काम एकच.

गाथा इंद्रायणीत तेरा दिवस राहून तरली, ही कथा आम्ही कीर्तनात सांगत आलो, पुढेही सांगू. पण त्या कथेशेजारी संताजींची वही ठेवायला आम्ही विसरलो. १६५० साली तुकोबाराय गेले, मागं वही राहिली. जगनाडे घराण्यानं ती पिढ्यान्‌पिढ्या जपली. ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे यांनी ती मिळवून तिच्यावरून १९१९-२० च्या सुमारास ‘अस्सल गाथा’ छापली. तेराशेच्या आसपास अभंग त्यात आले. हे भावेही मिठागरांचा धंदा करणारे. धंदा सांभाळून त्यांनी १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभं केलं. म्हणजे बघा, वाण्यानं गायिलं, तेल्यानं लिहिलं, मीठवाल्यानं छापलं.

आता आमची चूक सांगतो. आपल्या दिंडीत एक किराणा दुकानदार होते. आषाढीला दुकान मुलाच्या हवाली करून यायचे. किती माणसं चालली, कुठल्या गावानं भाकरी दिली, कोण वाटेत आजारी पडलं, सगळं लाल वहीत लिहायचे. पाय थकले तेव्हा त्यांनी ती वही आमच्या हवाली केली. आम्हाला वाटलं, हिशेबच तर आहे. माळ्यावर टाकली. वाळवीनं खाल्ली. या स्मरणिकेत पहिली कित्येक वर्षं कोरी दिसतात, त्याला आम्ही कारण आहोत. त्यांच्यासारखे शंभर माणसांचे पाय त्या वहीत होते, ते आम्ही घालवले.

सुदुंबऱ्याला संताजी महाराजांची समाधी आहे. माती देताना देह झाकेना, तेव्हा वैकुंठीचे तुकोबा आले आणि तीन मुठी माती घातली, असं सांगतात. आम्हाला यातलं एवढं कळतं की लिहिणाऱ्याचं ऋण महाराजांनीही ठेवलं नाही.

म्हणून हात जोडून विनंती. ज्यांच्या घरी दिंडीची जुनी वही, पावती, चिठ्ठी असेल त्यांनी ती मंडळाकडं आणून द्यावी. आणि यंदापासून कुणीतरी पोरानं वही घालावी. तेल-मीठ विकणाऱ्याला जमलं, ते शिकलेल्या पोरांना का जमू नये?

चूकभूल द्यावी घ्यावी. रामकृष्णहरि.