मृत्यूचा पंचनामा आणि जगण्याची चौकशी

राजांच्या लढायांचा आणि तहांचा इतिहास आपण आवडीने ऐकतो. परंतु चार भिंतींच्या आत एखादे माणूस मेले, तर ते कसे मेले हे विचारण्याचा अधिकार सरकारला केव्हा मिळाला, आणि सरकारने नेमके काय विचारले, याचाही एक इतिहास आहे. तो लांबलचक नाही. पण तुमच्याआमच्या उंबरठ्याशी त्याचा जितका संबंध आहे, तितका पानिपताचाही नाही. म्हणून आज तो थोडक्यात मांडावा असे आम्ही योजिले आहे.

इंग्लंडात ११९४ साली कॉरोनर नावाचा अधिकारी निर्माण झाला. संशयास्पद मृत्यूची चौकशी हे त्याचे काम होते. पण त्यामागे केवळ दयाबुद्धी होती असे समजण्याचे कारण नाही. गुन्हेगाराची मालमत्ता आणि दंडाची रक्कम राजाच्या खजिन्यात पोहोचते की नाही, हे पाहणे हा त्यातला मोठा भाग होता. हीच संस्था इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली. १८७१ च्या कायद्याने मुंबई आणि कलकत्ता या शहरांतील कॉरोनरचे काम बांधून दिले, आणि मुंबईचा कॉरोनर थेट १९९९ पर्यंत टिकला. इतरत्र हे काम पोलिसांकडे होते. अकस्मात मृत्यूची वर्दी आली की अधिकाऱ्याने जागेवर जावे, शेजारपाजारच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांना बोलवावे आणि त्यांच्यासमक्ष पंचनामा करावा, असे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते. स्वातंत्र्यानंतर संहिता बदलली, परंतु हे दोन शेजारी मात्र कायम राहिले. त्यांचे महत्त्व आम्ही शेवटी सांगणार आहोत.

या पंचनाम्याचा प्रश्न एकच असतो : मृत्यू कशाने आला? रोगाने, अपघाताने, आत्महत्येने की दुसऱ्याच्या हाताने? अंगावरच्या खुणा, खोलीतल्या वस्तू, दाराची कडी हे सारे कागदावर उतरते. ‘स्टोव्हचा भडका उडून भाजली’ हे वाक्य एके काळी किती घरांतून ऐकू येई, ते वडीलधाऱ्या श्रोत्यांना आठवत असेल. भडका उडाला की उडवला, एवढे शोधले की पंचनाम्याचे काम संपे. त्या बाईचे आदले वर्ष कसे गेले होते, हे लिहायला त्या कागदावर रकानाच नव्हता.

पुण्यातले एक प्रकरण वकीलमंडळी आजही अभ्यासतात. १९८२ च्या जून महिन्यात लग्नाला जेमतेम चार महिने झालेली एक तरुणी विषाने मृत्यू पावली. खालच्या कोर्टाने पतीला फाशी सुनावली आणि हायकोर्टाने ती कायम केली. परंतु १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही आणि पुराव्याची साखळी पूर्ण जुळत नाही, हे त्याचे कारण. न्यायासनाने संशयाचा फायदा द्यावा हेच योग्य. त्याविषयी आमची तक्रार नाही. आम्ही लक्ष वेधतो ते दुसऱ्याच गोष्टीकडे. त्या मुलीने बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रे लिहिली होती, आणि त्यांत आपले दुःख सांगितले होते. कोर्टात त्या पत्रांचा कीस पडला तो ‘विष कोणी दिले’ एवढ्याच प्रश्नासाठी. अशी पत्रे लिहिणाऱ्या मुलीने जावे तरी कोठे, हा प्रश्न विचारणे कोर्टाचे काम नव्हते. मग ते काम कोणाचे?

याच सुमारास देशभर हुंडाबळींविरुद्ध स्त्रियांच्या संघटनांनी आवाज उठवला आणि कायदा हलला. १९८३ च्या दुरुस्तीने विवाहितेचा छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरला. लग्नापासून सात वर्षांच्या आत स्त्रीने आत्महत्या केली, किंवा तिचा मृत्यू संशयास्पद असला, तर शवविच्छेदन आणि दंडाधिकाऱ्याची चौकशी आवश्यक झाली. १९८६ साली ‘हुंडाबळी’ हा गुन्हाच कायद्यात आला. त्याला किमान सात वर्षांची कैद आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितांतही या तरतुदी कायम आहेत. ही कमाई लहान नव्हे. तथापि आठव्या वर्षी मेलेल्या स्त्रीसाठी ही खास चौकशी बंधनकारक नाही, जणू छळालाही मुदत असते! आणि इतके होऊनही २०२२ च्या राष्ट्रीय नोंदीत हुंडाबळींचा आकडा सहा हजारांच्या वर आहे.

दुसरा प्रश्न विचारला गेला तो परदेशात. १९९० साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात एका स्त्रीचा नवऱ्याने खून केला. तिने आधीच पोलिसांची आणि कोर्टाची दारे ठोठावली होती. तेव्हा शहराच्या महिला आयोगाने खुनी कोण हे न विचारता, तिने मागितलेल्या मदतीचे काय झाले, याची चौकशी केली. ही कल्पना पुढे पसरली. इंग्लंडने २००४ च्या कायद्यात अशा फेरतपासणीची तरतूद केली आणि १३ एप्रिल २०११ पासून ती अमलात आणली. सोळा वर्षांवरील व्यक्ती घरच्या माणसाच्या हिंसेने मेली की पोलीस, नगरपालिका, दवाखाने अशा सर्वांनी आपापले कागद समोर ठेवायचे. अध्यक्ष त्या खात्यांबाहेरचा असतो. नातेवाइकांना, मित्रांना बोलावतात. अहवालात खरी नावे न देता तो प्रसिद्ध करतात. शिक्षा कोणालाच होत नाही. धडा काय, एवढेच पाहायचे. २०१६ पासून छळाने झालेल्या आत्महत्याही त्यात आल्या, आणि २०२४ च्या कायद्याने या तपासणीचे नाव व व्याप्ती बदलण्याची तरतूद केली.

अशा अहवालांतून पुन्हापुन्हा एकच चित्र दिसते. डॉक्टरांनी जखम पाहिलेली असते, पोलीस दारापर्यंत येऊन गेलेले असतात, शाळेला मुलाचा घाबरलेला चेहरा ठाऊक असतो. प्रत्येकाजवळ एकेक तुकडा, आणि तुकडे जोडणारा कोणी नाही. कोणी म्हणेल, बैल गेला आणि झोपा केला, याचा उपयोग काय? आक्षेप अगदीच पोकळ नाही. तेच ते धडे वर्षानुवर्षे लिहिले जातात, अशी टीका इंग्लंडातही होते. पण धडा लिहिलेला असला तर तो का गिरवला नाही, हे विचारता तरी येते. न लिहिलेल्या धड्याचा जाब कोणाला विचारणार?

आपल्याकडे दंडाधिकाऱ्याची चौकशी होते. पण ती एकेका मृत्यूपुरती. या सर्व चौकश्या एकत्र वाचून, कोणते दार बंद होते हे सांगावे, असे आपला कायदा कोणालाही बजावत नाही. २००५ च्या कायद्याने संरक्षण अधिकारी आले, आसरा आला. ते दार ठोठावूनही जी वाचली नाही, तिचा कागद उघडून पाहण्याची सक्ती मात्र नाही. ती व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि आता ते दोन शेजारी. पंचनाम्यावर सही करणारे ‘प्रतिष्ठित रहिवासी’ म्हणजे तुम्हीआम्हीच. आपण भिंतीपलीकडचे रडणे महिनोन्‌महिने ऐकतो, ‘नवराबायकोचे भांडण, आपण कशाला मध्ये पडा’ म्हणून कूस बदलतो, आणि अखेर बोलावणे आले की जमिनीवर काय पडले होते याची साक्ष देतो. कायद्याने आपल्याला साक्षीदार केले ते मृत्यूनंतर. त्याआधी साक्षीदार होण्यास मात्र कोणत्याही कायद्याने आपणांस मनाई केलेली नाही.