भग्नावशेषांतील काँक्रीट व आघातबल : एक ऐतिहासिक मागोवा

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत बॉम्बवर्षावाने कोसळलेल्या इमारतींच्या विटांची खडी करून नवे काँक्रीट घडविण्यात आले. १९५१ मध्ये त्यासाठी 'डीआयएन ४१६३' हे मानक निघाले. तथापि, काँक्रीटचे बल सर्वत्र संथ भाराखालीच मोजण्याचा प्रघात होता.

आकस्मिक आघाताचा अभ्यास स्वतंत्रपणे विकसित झाला. १९१४ मध्ये बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी पोलादी दांड्यातील दाबलहरी मोजल्या. १९१७ मध्ये डफ अब्राम्स यांनी जलद भाराखाली काँक्रीटचे बल वाढते, असे नोंदविले. १९४९ मध्ये हर्बर्ट कोल्स्की यांनी दोन दांड्यांमध्ये नमुना ठेवण्याची पद्धत सिद्ध केली. पुढे याच पद्धतीने पुनर्वापरित काँक्रीट तपासले गेले. आघाताच्या वेगानुसार त्याचेही बल वाढते. परंतु जुन्या खडीला चिकटलेला सच्छिद्र मसाला हे त्याचे मर्मस्थान ठरते.

भारतात आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने एम २५ पर्यंतच्या प्रबलित काँक्रीटमध्ये अशी खडी २० टक्क्यांपर्यंत वापरण्यास मान्यता दिली. मात्र, खडीची आघातमूल्य चाचणी म्हणजे काँक्रीटची आघातपरीक्षा नव्हे. वाहनांची धडक वा स्फोट संभवणाऱ्या बांधकामांत हा भेद दुर्लक्षून चालणार नाही, हेच या इतिहासाचे सार होय.